विसर वयाचा, की त्रासलेल्या दिवसाचा?

कालपासून आतापर्यंत कुणाशी वाद झाला का? वाद होण्याजोगे काही घडले, पण तुम्ही तो टाळलात, असे झाले का? घरात काही अडचण उद्भवली का? जवळच्या कुणाच्या बाबतीत काही घडले आणि त्याचा तुम्हाला त्रास झाला का? डेव्हिड अल्मेडा हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी लोकांना सलग आठ संध्याकाळी फोन करून अशा अर्थाचे सात प्रश्न विचारीत. २००२ मध्ये त्यांनी ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. ताण म्हटला की जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणे, मोठे आजारपण असे आघात डोळ्यांसमोर येतात आणि बरीच वर्षे संशोधकही प्रामुख्याने तेच मोजत होते. या फोनवरच्या प्रश्नांचा रोख मात्र रोजच्या किरकिरीवर होता.

सातांपैकी टाळलेल्या वादाचा प्रश्न आपल्याकडच्या घरांना चांगलाच लागू पडतो. ‘जाऊ दे, कशाला उगाच तोंड उघडा,’ असे म्हणून आजोबा वर्तमानपत्रात डोके घालतात. मुलगा-सुनेच्या बोलण्यात नको पडायला म्हणून आजी स्वयंपाकघरात जाऊन पुसलेलेच डबे पुन्हा पुसत बसते. घरात शांतता असते, पण प्रश्नावलीच्या हिशेबात तो दिवस ताणाचाच.

‘आता तुम्हाला कसलं टेन्शन?’ हे वाक्य निवृत्त माणसाला वरचेवर ऐकावे लागते. त्यात थोडे तथ्यही आहे. रोजच्या ताणाच्या पाहण्यांमध्ये वयस्कर माणसे तरुणांपेक्षा कमी भांडणे आणि कमी कटकटी नोंदवतात. कुठे बोलायचे, कुठे गप्प बसायचे, कुणाच्या वाटेला जायचे नाही, हे वयाने शिकवलेले असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेतील सुझन चार्ल्स यांनी २०१० मध्ये या निरीक्षणाची दुसरी बाजू मांडली. ताण टाळता येतो तोवर ज्येष्ठ मंडळी तरुणांपेक्षा वरचढ ठरतात. पण तो टाळताच आला नाही, तर त्यांच्या शरीराला पूर्वपदावर यायला जास्त वेळ लागतो. वाढलेला रक्तदाब, छातीतली धडधड, रक्तातली संप्रेरके हे सारे तरुण शरीर जितक्या झटपट आवरते घेते, तितक्या झटपट सत्तरीनंतरचे शरीर घेत नाही.

आणि न टाळता येणाऱ्या गोष्टी त्या वयात काही कमी नसतात. पत्नीचे डायलिसिस, बिघडलेली लिफ्ट, बँकेची केवायसी, दोन मिनिटांत संपणारा ओटीपी, नोव्हेंबर आला की द्यायचा हयातीचा दाखला. पेन्शनधारकांसाठी २०१४ मध्ये डिजिटल दाखल्याची सोय झाली, तेव्हा रांगेचा त्रास वाचला हे खरे. पण आयुष्यभर भांडी घासून किंवा यंत्रावर काम करून ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले आहेत, त्यांना यंत्रावर पुन:पुन्हा अंगठा टेकवावा लागतो. आपण जिवंत आहोत हे यंत्राला पटत नाही, हा काही हसण्यावारी नेण्यासारखा ताण नाही. चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय आता झाली आहे, पण ती फोन हाताळता येणाऱ्यांना.

अशा दिवसांचा मेंदूच्या कामावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी ओरेगन स्टेट विद्यापीठातील रॉबर्ट स्टॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५ ते ९५ या वयोगटातील १११ जणांची माहिती तपासली. ही सारी माणसे बुद्धीने तल्लख होती, कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. अडीच वर्षे, दर सहा महिन्यांनी, काही दिवस ओळीने त्यांना बोलावून त्या दिवशीच्या ताणाची आणि मनःस्थितीची चौकशी केली जाई आणि मग झटपट तुलना करण्याची एक अवघड चाचणी दिली जाई. एकदाच परीक्षा घेऊन मोकळे न होता त्याच माणसाला पुन:पुन्हा तपासण्याचा मोठा फायदा असतो: शेजारच्या माणसाशी तुलना करावी लागत नाही. त्याचा चांगला दिवस आणि त्याचाच वाईट दिवस समोरासमोर ठेवता येतात.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, किती कटकटी वाट्याला आल्या यापेक्षा त्यांनी माणूस किती ढवळून निघाला, हे जास्त महत्त्वाचे होते. लहानसहान गोष्टींनी जे फार अस्वस्थ होत आणि एरवीही खिन्न असत, त्यांची चाचणीतली कामगिरी हेलकावे खाई. सत्तरीच्या उत्तरार्धात आणि त्यापुढे असलेली माणसे ज्या दिवसांत नेहमीपेक्षा जास्त ढवळून निघत, त्या दिवसांत त्यांचे गुण घसरत. गंमत म्हणजे, साठीच्या अखेरीपासून पंचाहत्तरीपर्यंतच्या मंडळींमध्ये उलटे दिसले. थोडा ताण असलेल्या दिवशी त्यांची कामगिरी किंचित सुधारली. ‘ताण वाईट’ असा सरसकट फलक लावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे. सोसायटीच्या सभेत तावातावाने भांडणारे अडुसष्टचे काका कदाचित मेंदूला व्यायामच देत असतील. तेच काका ब्याऐंशीचे झाल्यावर त्याच भांडणाची किंमत वेगळी असेल.

ही किंमत नेमकी कशी वसूल होते?

ताणाच्या क्षणी मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. शरीराला ऊर्जा मिळावी, सावधपणा यावा, यासाठी ते हवेच असते. सकाळी जाग येते तेव्हाही त्याची पातळी वाढते. पण १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील ब्रूस मॅक्यूएन यांना एक अनपेक्षित गोष्ट दिसली होती. उंदरांमधले याच जातीचे संप्रेरक मेंदूच्या हिप्पोकॅम्पस या भागात जाऊन चिकटत होते. कानशिलांच्या आतल्या बाजूला असलेला हा भाग नव्या आठवणी घडवतो आणि जागा-वाटा लक्षात ठेवतो. म्हणजे ताणाची वर्दी स्मृतीच्या कचेरीत थेट पोहोचते. त्या कचेरीचे आणखी एक काम असते. ‘पुरे झाले, कॉर्टिसॉल थांबवा’ हा निरोप पाठवण्यातही तिचा वाटा असतो. ती स्वतःच थकली की निरोप वेळेवर जात नाही, कॉर्टिसॉल वाहत राहते आणि ती आणखी थकते. रॉबर्ट सॅपोल्स्की, मॅक्यूएन आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये म्हातारपणातल्या या दुष्टचक्राची कल्पना मांडली, ती मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांच्या आधारे.

माणसांतला पुरावा १९९८ मध्ये सोनिया लुपिएन आणि सहकाऱ्यांनी कॅनडात मांडला. काही वर्षे दरवर्षी ज्येष्ठांचे कॉर्टिसॉल मोजल्यावर ज्यांची पातळी जास्त होती आणि वाढतही होती, त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार मध्यम पातळीच्या लोकांपेक्षा १४ टक्क्यांनी लहान आढळला आणि स्मृतीच्या चाचण्यांतही ते मागे पडले. हा आकडा तेव्हापासून फार गाजला आहे. मात्र मेंदूची छायाचित्रे काढलेली माणसे अगदी मोजकी होती. शिवाय लहान हिप्पोकॅम्पसमुळे कॉर्टिसॉल वाढले की वाढलेल्या कॉर्टिसॉलमुळे हिप्पोकॅम्पस लहान झाला, हे एका छायाचित्रावरून सांगता येत नाही.

मोठ्या आणि लांब पल्ल्याच्या पाहणीत शिकागोच्या रॉबर्ट विल्सन यांनी सुमारे ८०० कॅथलिक जोगिणी, धर्मगुरू आणि धर्मबंधू यांचा सरासरी पाच वर्षे पाठपुरावा केला. चिंता आणि मनस्तापाकडे ज्यांचा स्वभावतःच सर्वाधिक कल होता, त्यांना अल्झायमर होण्याचा धोका सर्वांत शांत स्वभावाच्या लोकांच्या दुप्पट दिसला. जोगिणींचे आणि धर्मगुरूंचे राहणीमान, शिक्षण, जेवणखाण बऱ्याच अंशी सारखे असते, म्हणून अशा अभ्यासाला वजन आहे. तरीही, चिंतेने आजार आणला की मेंदूत गुपचूप सुरू झालेल्या आजारानेच माणूस चिंताग्रस्त झाला, ही शंका पुरती फिटत नाही. स्मृतिभ्रंशाबद्दल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली, त्यांत ‘ताण’ हा शब्द नाही. नैराश्य आहे, एकटेपणा आहे, उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा, कमी दिसणे आहे. ‘टेन्शनमुळे अल्झायमर होतो’ असे छातीठोकपणे सांगणारे संदेश मोबाइलवर फिरतात, ते पुराव्याच्या बरेच पुढे धावतात.

विज्ञान जास्त खात्रीने बोलते ते त्या-त्या दिवसाबद्दल. झुरिक विद्यापीठात डॉमिनिक द क्वेर्व्हां आणि सहकाऱ्यांनी २००० साली निरोगी माणसांना काही शब्द पाठ करायला लावले. दुसऱ्या दिवशी, आठवायला सांगण्याच्या तासभर आधी, काहींना शरीरात जाऊन कॉर्टिसॉल बनणारी गोळी दिली. त्यांना कमी शब्द आठवले. पाठ करण्याआधी गोळी घेतलेल्यांना मात्र अशी अडचण आली नाही. शब्द डोक्यात शिरले होते, साठलेही होते; फक्त मागितल्या क्षणी बाहेर येत नव्हते. लग्नाच्या मांडवात समोर उभ्या असलेल्या व्याह्यांचे नाव आठवत नाही आणि घरी येऊन चपला काढताना आठवते, त्याचे स्पष्टीकरण बरेचसे इथे आहे.

त्यात काळजीची आणखी एक तऱ्हा असते, अजून न घडलेल्या गोष्टीची. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये २४० प्रौढांना दोन आठवडे मोबाइलवर प्रश्न विचारले. ही माणसे २५ ते ६५ वयाची होती. ‘आजचा दिवस त्रासाचा जाणार’ असे ज्या सकाळी वाटे, त्या दिवशी पुढे त्यांची वर्किंग मेमरी, म्हणजे हातातले काम संपेपर्यंत चार गोष्टी डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता, कमी पडे. दिवस प्रत्यक्षात सुरळीत गेला तरी! दुधाचे पातेले गॅसवर ठेवून विसरणे, गोळी घेतली की नाही याची खात्री नसणे, खोलीत येऊन ‘कशाला आलो होतो’ असे उभे राहणे, ही सारी या क्षमतेची कामे. तिची निम्मी जागा उद्याच्या बँकेच्या फेरीने अडवली असेल, तर दुधासाठी उरणार किती?

फोनवरून गंडा घालणाऱ्यांना ही विद्या कुणी शिकवायची गरज नसते. ‘आत्ताच्या आत्ता’, ‘फोन ठेवू नका’, ‘कुणाला सांगितलंत तर अटक होईल’ या तीन वाक्यांत त्यांचा सगळा धंदा आहे. भीती आणि घाई एकत्र आली की चाळीस वर्षे लेखापाल म्हणून काम केलेला माणूसही आकड्यांचा साधा ताळा करू शकत नाही. त्यानंतर घरचे म्हणतात, ‘यांना आता काही कळत नाही.’ कळत असते. त्या अर्ध्या तासात कळत नव्हते.

ज्येष्ठांच्या स्मृतीबद्दल घरात कसे बोलले जाते, याच्याशी थेट संबंध असलेला एक अभ्यास लुपिएन यांच्याच गटाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. शिरीन सिंदी या त्याच्या पहिल्या लेखिका. वयस्करांची स्मृती तरुणांपेक्षा कमी, हे आपण ज्या चाचण्यांवरून म्हणतो, त्या चाचण्या होतात कुठे? बहुधा विद्यापीठाच्या अनोळखी इमारतीत, तरुणांच्या सोयीच्या वेळी. या संशोधकांनी तरुण आणि ज्येष्ठ अशा दोन्ही गटांची चाचणी दोन प्रकारच्या वातावरणांत घेतली. अनोळखी जागी, गैरसोयीच्या वेळी ज्येष्ठांचे कॉर्टिसॉल वाढलेले निघाले आणि थोड्या वेळाने शब्द आठवायला सांगितल्यावर ते मागे पडले. त्यांना अनुकूल वातावरणात, म्हणजे परिचित जागी आणि सकाळच्या वेळी, कॉर्टिसॉल कमी होते आणि त्यांची कामगिरी तरुणांच्या तोडीची होती. अभ्यास लहान आहे. पण ‘वयाने स्मृती जाते’ म्हणून मोजलेल्या फरकातला काही भाग मोजण्याच्या पद्धतीनेच निर्माण केला, हे त्यातून दिसते.

मग घराघरांत रोज चालणाऱ्या परीक्षांचे काय म्हणायचे? ‘सांगा पाहू, काल डॉक्टर काय म्हणाले?’ ‘आई, हे तू आत्ताच विचारलंस.’ ‘बाबा, राहू द्या, तुम्हाला नाही जमणार.’ विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र प्रत्येक प्रश्न निकालासारखा येऊन पडतो. पुढच्या वेळी प्रश्न येण्याआधीच छाती धडधडू लागते आणि उत्तर हमखास हुकते. त्यातून माणूस बोलायचे टाळतो, व्यवहार सोडतो, बाहेर जाणे कमी करतो. आणि मग एकटेपणा येतो, जो ‘लॅन्सेट’च्या यादीत आहे.

भारतातल्या स्मृतिभ्रंशाचा आकडा याच संदर्भात पाहावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना, स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण पुरुषांपेक्षा महिलांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आहे. आकडा मोठाच आहे आणि त्यातल्या अनेकांचे निदान झालेले नसणार. पण साठीपुढच्या शंभरातल्या बाकीच्या ९२-९३ जणांनाही किल्ल्या सापडत नाहीत, नावे आठवत नाहीत आणि त्यांतले बरेच जण ‘आपल्याला तोच आजार लागला’ या धास्तीत मुकाट दिवस काढतात. ही धास्ती हाही रोजचा ताणच.

दोन्हींतला फरक ओळखायला काही खुणा उपयोगी पडतात. ताणाचा विसर दिवसागणिक बदलतो. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी गोंधळ होतो आणि विसरलेली गोष्ट सहसा नंतर आठवते. आजाराचा विसर महिन्यांमागून महिने वाढत जातो. ओळखीच्या रस्त्यावर चुकणे, नेहमीचा स्वयंपाक करताना क्रम न जुळणे, पैशांचा साधा हिशेब न लागणे, स्वभाव पालटणे आणि या कशाचीच त्या माणसाला जाणीव नसणे, असे दिसले तर थांबू नये. थायरॉइडचा दोष, ‘बी-१२’ जीवनसत्त्वाची कमतरता, कमी झालेले सोडियम, नैराश्य, झोपेच्या किंवा अॅलर्जीच्या काही गोळ्या यांनीही स्मृती ढासळते आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. आपल्याकडे शाकाहारी ज्येष्ठांमध्ये ‘बी-१२’ तपासून घेणे तर पहिलेच काम असावे.

ताण कमी करण्याचा सल्ला देणे सोपे असते. ‘टेन्शन घेऊ नका’ असे सांगितल्याने टेन्शन कमी झालेला माणूस अजून कुणी पाहिलेला नाही. बदलता येते ती आजूबाजूची मांडणी. बँक, दवाखाना, सरकारी कचेरी यांपैकी एका दिवशी एकच काम आणि तेही झोप नीट झालेल्या दिवशी सकाळी. अनेक बँका सत्तरीपुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा देतात, ती मागून घ्यावी. फोनवर कुणी घाई केली की फोन ठेवायचा आणि घरच्या एका ठरलेल्या माणसाला विचारल्याशिवाय पैसे हलवायचे नाहीत, हा नियम आधीच ठरलेला असला की ऐन भीतीच्या क्षणी विचार करावा लागत नाही. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा मदत क्रमांक आहे. चालण्याचा पुरावाही बरा आहे. २०११ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्मे वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे चालले. त्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला. फक्त ताणाचे व्यायाम, म्हणजे स्ट्रेचिंग, करणाऱ्यांचा घटला.

मुलांकडून एक चूक फार होते. ताण नको म्हणून पासबुक, पासवर्ड, बाजारहाट, सगळेच हातातून काढून घेतले जाते. एलेन लँगर आणि जुडिथ रोडिन यांनी १९७६ मध्ये अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या एका वृद्धाश्रमात साधा प्रयोग केला. एका मजल्यावरच्या रहिवाशांना स्वतःचे छोटे निर्णय घेऊ दिले आणि सांभाळायला एकेक रोप दिले. दुसऱ्या मजल्यावरच्यांनाही रोपे मिळाली, पण पाणी कर्मचारीच घालत. काही आठवड्यांत पहिल्या मजल्यावरची माणसे जास्त तरतरीत, जास्त मिसळणारी दिसू लागली. वीजबिल बाबांनीच भरावे, शेजारी कुणीतरी बसावे आणि वेळ लागला तर लागू द्यावा, इतपत मदत पुष्कळ होते.

डॉक्टरांकडे स्मृतीची तपासणी करायची असेल तर वेळ सकाळची मागावी, चष्मा आणि कानाचे यंत्र बरोबर न्यावे, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालावीत. आधीच्या महिनाभरात कोणत्या दिवशी काय विसरले याची नोंद न्यावी आणि त्या दिवशी घरात काय घडले होते, झोप झाली होती का, तेही शेजारी लिहावे. ज्यांच्याजवळ बोलायला कुणी नाही, त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांचा ‘एल्डरलाइन’ क्रमांक १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालू असतो. मानसिक आरोग्यासाठी ‘टेली मानस’ची सेवा १४४१६ वर चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते.